नामवंतांचं जुनं घर विकत घेताना: मालकी, बिऱ्हाड आणि मुक्काम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे का ते तुम्हालाही दिसेल. मुंबईत गावदेवी भागात १९२० च्या दशकातला एक दुमजली बंगला विकायला निघाला आहे. पुढे पोर्च, वर सागवानी जाळीचा व्हरांडा, मागे छोटी बाग. दलालाचं म्हणणं असं की या घरात एके काळी एक नामवंत गायिका राहत होत्या आणि त्यांच्याही आधी स्वातंत्र्यलढ्यातले एक मोठे पुढारी. या दोन नावांपोटी विक्रेते आजूबाजूच्या भावापेक्षा पंचवीस टक्के जास्त मागत आहेत. तुम्ही दोघे भाऊ मिळून घर घ्यायच्या विचारात आहात. तिथे राहायचं आहे, आणि जमलं तर तळमजल्यावरची एक खोली त्या दोघांच्या आठवणींसाठी राखून लोकांना बघायला खुली करायची आहे. जास्तीचे पंचवीस टक्के द्यावेत का, आणि सहीआधी काय काय तपासावं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो आणि मूल्यांकनही करतो. सव्वीस वर्षं झाली. तुमच्या बंगल्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढचं बरंचसं ‘अमुक असेल तर तमुक’ असंच राहील. जमिनीचा हक्क कोणत्या प्रकारचा आहे, आत कोणी भाडेकरू आहे का, जतन करायच्या जुन्या इमारतींच्या वारसा यादीत घर आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, यावर उत्तर बदलतं. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो: नावासाठी म्हणून आज जास्तीचा एक रुपयाही कबूल करू नका. घर सोडून द्या असं मी म्हणत नाही. उलट तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून ते वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

भावाकडे वळण्याआधी दलालाच्या ‘राहत होते’ या दोन शब्दांकडे बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे. आपल्या भाषेत याला तीन वेगळे शब्द आहेत. एखाद्याची मालकी असते, एखाद्याचं बिऱ्हाड असतं, एखाद्याचा मुक्काम असतो. पुण्याचा केसरीवाडा पूर्वी गायकवाडवाडा होता. तो टिळकांनी १९०५ मध्ये विकत घेतला. ही मालकी. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह बाबासाहेबांनी स्वतः बांधून घेतलं, पुस्तकांसाठी मुद्दाम जागा ठेवून. हीसुद्धा मालकी. तुमच्या बंगल्यापासून चालत जाता येईल अशा लॅबर्नम रोडवरचं मणिभवन मात्र रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथे उतरत. तो मुक्काम. आणि लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१–२२ मध्ये शिकायला असताना राहिले. ते बिऱ्हाड.

तिन्हींना इतिहासात मान आहे. मणिभवन मुक्कामाचं घर म्हणून जराही कमी ठरत नाही. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह तिथून चालला. पण विकत घेणाऱ्याला हा फरक ठाऊक असायलाच हवा, आणि त्याचं पहिलं कारण कायद्याचं आहे. त्या गायिका घराच्या मालकीण नसून भाडेकरू होत्या असं निघालं, तर त्यांच्या पश्चात त्यांच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क गेला असण्याची शक्यता असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा असला तरी आधीच्या कायद्याखालच्या जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्याने पुढे चालू ठेवलं आहे, आणि पगडीलाही मान्यता दिली आहे. म्हणजे ज्या नावासाठी तुमच्याकडे जास्त पैसे मागितले जात आहेत, त्याच नावाच्या वारसांचा एका मजल्यावर हक्क असू शकतो. भाडं शेवटचं कोणी भरलं, पावती कोणाच्या नावाची, जागा रिकामी करून दिल्याचं लेखी काही आहे का, हे विचारा. विक्रेते म्हणतील की त्या तर कधीच सोडून गेल्या. सोडून गेल्याचा कागद मागा.

माझ्या एका कामात गॅरेजच्या वरच्या खोलीत जुन्या मालकांच्या ड्रायव्हरचं कुटुंब राहत होतं. विक्रेत्यांनी त्यांना ‘घरचीच माणसं’ म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे १९६८ पासूनच्या भाडेपावत्या नीट दोऱ्यात ओवून ठेवलेल्या होत्या. त्या कुटुंबाचं काहीच चुकलं नव्हतं. हक्क त्यांचा होता. चूक विचारायला विसरणाऱ्यांची, आणि त्यांत मीही होतो, कारण मोजमापं घेताना ती खोली मी ‘नोकरांची’ म्हणून नकाशावर लिहून मोकळा झालो होतो. तेव्हापासून मी प्रत्येक दार उघडून बघतो आणि आत कोण राहतं ते त्या माणसालाच विचारतो.

आता पुराव्याचं. ‘इथे अमुक राहायचे’ ही आठवण कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते आणि बहुतेक वेळा सांगणारा प्रामाणिक असतो. तरी ती तपासावी लागते. मला एकदा दादर भागात एक घर दाखवलं होतं, तिथे एका फार मोठ्या लेखकाचं दोन वर्षं वास्तव्य होतं असं सगळी गल्ली सांगत होती. आम्ही जुन्या पत्रांवरचे पत्ते बघितले, महापालिकेच्या करआकारणीच्या नोंदी काढल्या, तेव्हा कळलं की मधल्या काळात रस्त्यावरचे घरक्रमांक बदलले होते. लेखक राहत होते ते घर दोन दारं पलीकडचं, आणि ते पाडून तिथे केव्हाच सात मजले उभे राहिले होते. आमच्या अशिलाने तोवर त्या नावापोटी मागितलेली रक्कम कबूल केली होती.

म्हणून नुसत्या सांगण्यावर थांबू नका. मूळ पत्रं किंवा पाकिटं, ज्यांवर घराचा पत्ता आहे. जुन्या व्यवसाय आणि टेलिफोन डिरेक्टऱ्या. मतदारयाद्या. पालिकेच्या करआकारणीच्या वह्या, ज्यांत मालक आणि कब्जेदार वेगळे लिहिलेले असतात. त्या व्यक्तीचं चरित्र किंवा आत्मचरित्र, आणि त्यातही तारीख आणि पत्ता. घरात काढलेला फोटो असेल तर खिडकीची चौकट, फरशीची नक्षी, जिन्याचा कठडा आजच्या घराशी जुळवून बघता येतो. मी असं दोनदा केलं आहे आणि त्याहून खात्रीचा पुरावा मला माहीत नाही. यांतली दोन स्वतंत्र साधनं जुळली तर मी अहवालात ‘वास्तव्य होते’ असं लिहितो. एकच असेल तर ‘वास्तव्य होते असे कुटुंबीय सांगतात’.

समजा, नावं खरी निघाली. मग पंचवीस टक्के द्यायचे का? इथे दोन घरांची हकीकत सांगतो, कारण दोन्ही मिळून उत्तर स्वच्छ होतं.

पहिलं मलबार हिलवरचं मेहरांगीर. आई मेहेरबाई आणि वडील जहांगीर यांच्या नावांतून जोडलेलं हे नाव. इथे डॉ. होमी भाभा राहत. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात ते गेले. पुढे त्यांचे बंधू जमशेद भाभा तिथे राहिले आणि २००७ मध्ये त्यांच्या निधनानंतर घर नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सकडे गेलं, ज्याची उभारणी त्यांनी स्वतः केली होती. संस्थेने २०१४ मध्ये लिलाव केला. बोली २५७ कोटींपासून सुरू झाली आणि ३७२ कोटींवर थांबली. स्मारक व्हावं म्हणून भाभांनी उभ्या केलेल्या संशोधन संस्थेतली माणसं उच्च न्यायालयात गेली होती. लिलाव थांबला नाही. २०१६ मध्ये घर पाडलं गेलं. कायद्याच्या बाहेर काही झालं नाही, संस्थेला कलेसाठी मोठा निधी मिळाला, हे सगळं मान्य. तरी भारताच्या अणुकार्यक्रमाचा पाया घालणारा माणूस ज्या भिंतींमध्ये राहिला त्या भिंती आता नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि मूल्यांकन करणारा म्हणून त्यातून दिसतं ते असं: ३७२ कोटी समुद्राकडे बघणाऱ्या मलबार हिलच्या भूखंडाचे होते. नावाला बाजाराने वेगळी किंमत दिली असती, तर ते घर उभं राहिलं असतं.

दुसरं, वर उल्लेख केलेलं लंडनचं घर. ते खुल्या बाजारात विक्रीला आलं, तिथल्या आंबेडकरी संघटनांनी आवाज उठवला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते सुमारे तीस लाख पौंडांना विकत घेतलं. इथे खरेदीचं कारणच नाव होतं. त्या रस्त्यावरचं दुसरं कोणतंही घर महाराष्ट्र शासनाने घेतलं नसतं.

म्हणजे नावाची किंमत घेणाऱ्यावर ठरते. ज्याला ते नाव हवं आहे अशी संस्था, शासन किंवा न्यास समोर असेल तर किंमत आहे. तसा घेणारा नसेल तर उरते जमीन, चटईक्षेत्र आणि इमारतीची अवस्था. मुंबई शहर विभागात निवासी भूखंडाला मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.३३ धरतात, म्हणजे भूखंडाच्या १.३३ पट बांधकाम, त्यावर अधिमूल्य भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडाचा न वापरलेला बांधकामाचा हक्क, विकत घेऊन रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढ मिळते. विकासक हा हिशेब करतो आणि आजूबाजूचा भाव त्याच हिशेबातून आलेला असतो. त्यामुळे तुमच्याकडे मागितलेला मूळ भावसुद्धा जुन्या घराचा नाही. घर पाडून जे उभं राहू शकतं त्याचा आहे. तुम्हाला घर पाडायचं नाही. मग जे तुम्ही वापरणारच नाही त्या चटईक्षेत्राचे पैसे पूर्ण द्यायचे, आणि वर नावाचे पंचवीस टक्के? बोलणीत हा मुद्दा शांतपणे मांडा. विक्रेत्यांनाही घर राहावं असं वाटत असेल तर ते ऐकतील. नसेल वाटत, तर नावाचा मान राखण्याची भाषा त्यांनी तुमच्यापुढे करू नये.

इथेच वारसा श्रेणीचा प्रश्न येतो. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियम आहेत, आता ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये आहेत. श्रेणी एकमध्ये मजबुतीपलीकडे जवळजवळ हात लावता येत नाही. दोन-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर परवानगीने होतो. दोन-ब मध्ये त्याच आवारात वाढीव बांधकामालाही वाव असतो. तीनमध्ये बऱ्याच बदलांना मोकळीक आहे, तरी परवानगी लागतेच. पालिकेकडून डी.पी. रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातले या भूखंडाबद्दलचे शेरे, काढलेत की घर यादीत आहे का आणि आजूबाजूला काही वारसा वास्तू आहे का, हे कळेल. गावदेवी डी विभागात येतं.

लोक विचारतात, घर यादीत असलेलं बरं की नसलेलं? तुमच्यासारख्या राहायला जाणाऱ्यासाठी मी म्हणेन, असलेलं बरं. भाव थोडा नरम असतो, कारण विकासकाची धाव कमी होते. न वापरलेलं चटईक्षेत्र टीडीआर म्हणून विकण्याची तरतूद आहे. ते पैसे दुरुस्तीत घालता येतात, फक्त वेळ आणि चिकाटी लागते. श्रेणी एक असेल तर मात्र स्वयंपाकघर हलवण्याआधीसुद्धा विचारावं लागेल, हे घरातल्या सगळ्यांनी आधी समजून घ्या. माझ्या एका अशिलाने सही केल्यावर लिफ्ट बसवायची ठरवली, कारण आईला जिना चढवत नव्हता. परवानगीला इतका काळ गेला की आईंनी शेवटपर्यंत वरचा मजला पाहिला नाही. तुमच्या घरी कोणी वयस्क असेल तर हा विचार पहिल्या दिवशी करा.

कागदांबद्दल तुमचे वकील सविस्तर सांगतील, म्हणून मी जुन्या मुंबईत जे हमखास निसटतं तेवढंच लिहितो. शहर विभागात मालमत्ता पत्रकावर कॅडस्ट्रल सर्व्हे क्रमांक असतो आणि हक्काचा प्रकार लिहिलेला असतो: फजिंदारी, सनदी, टोका, भाडेपट्टा. प्रत्येकाचे नियम वेगळे. भाडेपट्ट्याची जमीन असेल तर किती वर्षं उरली, हस्तांतराला कोणाची परवानगी लागते, वापर बदलता येतो का, हे वाचा. ब्रीच कँडीचं लिंकन हाउस, म्हणजे मूळचं वांकानेर हाउस, याच प्रकारात अडकलं. तिथे अमेरिकेचा वाणिज्य दूतावास होता. २०१५ मध्ये ७५० कोटींचा व्यवहार ठरल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारी परवानग्यांच्या पेचात तो वर्षानुवर्षं पुढे सरकला नाही. घेणाऱ्याकडे पैसे नव्हते असं नाही.

घर एखाद्या न्यासाच्या नावावर असेल तर विक्रीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ३६. नामवंतांची घरं पुष्कळदा न्यासाकडे गेलेली असतात, म्हणून हे मुद्दाम विचारा. मृत्युपत्राने आलं असेल तर प्रोबेट, म्हणजे न्यायालयाची त्यावरची मान्यता, झालं आहे का बघा. तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या. नामवंताचं घर असलं की हक्क सांगणारे दूरचे नातेवाईक नोटिशीनंतर उगवतात. ते सहीआधी उगवलेले बरे. इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची आहे, त्यामुळे भाडेकरू असतील तर ती म्हाडाच्या उपकरप्राप्त यादीत ‘अ’ गटात आहे का तेही तपासा. आणि पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस कधी आली होती का? सी-१, म्हणजे रिकामी करून पाडण्याइतकी धोकादायक, असा शेरा असेल तर तो अहवाल कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून केला ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता घराच्या तब्येतीविषयी. हे माझं आवडीचं काम आहे, थोडं जास्त लिहीन.

त्या काळातले गावदेवीतले बंगले बहुतेक भारवाही भिंतींचे, चुन्यातले. दगड किंवा वीट, वर ब्रह्मी सागाची तुळई, लाकडी तक्तपोशी, छपरावर मंगलोरी कौलं. अशा भिंती श्वास घेतात. पावसाळ्यात ओल आत येते आणि उन्हाळ्यात बाहेर जाते, चुना ती येऊ-जाऊ देतो. मग कधीतरी, बहुधा १९७० किंवा ८० च्या दशकात, कोणीतरी ‘पक्कं’ करायचं म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारतो आणि वर ऑइलपेंट. ओल आत अडकते. ती शोधत जाते कुठे, तर भिंतीत घुसलेल्या तुळईच्या टोकांकडे. तुळई मधोमध ठणठणीत दिसते, रंग चकचकीत असतो आणि भिंतीतलं एक-दीड फूट टोक हातानं चुरगळावं असं झालेलं असतं. म्हणून घर बघायला जाल तेव्हा दिवाणखान्याकडे कमी बघा. माळ्यावर चढा. जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर समजा. न्हाणीघराच्या खालच्या छताकडे बघा. पावसाळी पन्हाळं कुठे पडतात आणि त्या भिंतीला आतून पोपडे आहेत का बघा. शक्य असेल तर जुलैमध्ये जा. विक्रेते नोव्हेंबरात घर दाखवतात ते उगाच नाही.

वाळवी दिसली म्हणून घाबरू नका. टोकं कापून नवं सागवान सांधता येतं, लोखंडी पट्टी आणि बोल्ट घालून. काम करणारे सुतार आहेत, त्यांना वेळ आणि योग्य मजुरी द्यावी लागते. सिमेंट उतरवून पुन्हा चुन्याचा गिलावा करता येतो. चुना आठवडेच्या आठवडे भिजवून ठेवावा लागतो, घाई चालत नाही. नक्षीच्या सिमेंट फरश्या उखडलेल्या असतील तर मुंबईतच १९२२ पासून भारत फ्लोअरिंग टाइल्स त्या करत आली आहे आणि जुनी नक्षी जुळवून मिळू शकते. खरा खर्च प्लंबिंगचा आणि विजेचा निघतो, कारण ते भिंती न फोडता नव्याने फिरवायचं असतं. कोणीही अंदाजपत्रक दिलं तरी त्यावर तीस टक्के वेगळे ठेवा. भिंत उघडल्याशिवाय कोणालाच सगळं दिसत नाही, मलाही नाही.

तुम्हाला स्मृतीची खोली करायची आहे. मनापासून चांगला विचार आहे, पण स्वतःच्या घरात फोटो लावणं वेगळं आणि लोकांसाठी दार उघडणं वेगळं. किंग हेन्रीज रोडच्या घराचं पुढे काय झालं ते बघा. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. पण घर निवासी वापराचं होतं आणि संग्रहालयाची परवानगी घेतलेली नव्हती. कॅमडन पालिकेने ती नाकारली, शेजाऱ्यांच्या गर्दीबद्दलच्या तक्रारी होत्या, अपील झालं, चौकशी झाली आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. एका राज्याचं शासन मालक असूनही सव्वाचार वर्षं. तुमच्याकडे शासन नाही. म्हणून मी सुचवेन की सुरुवातीला फक्त निमंत्रितांसाठी, महिन्यातून एखादा दिवस, शेजाऱ्यांना सांगून आणि पालिकेत वापराबाबत विचारून. गायिकेची खोली असेल तर वीस माणसांची बैठक पुरे. त्या काळी तरी मैफल याहून मोठी कुठे असायची.

त्या खोलीत ठेवायचं काय, हाही व्यवहाराचा भाग आहे. तंबोरा, पत्रं, फोटो, लिहायचं टेबल, हे घराबरोबर येतं असं गृहीत धरू नका. साठेखताला यादी जोडा, फोटोंसह, नाहीतर ताबा मिळेल त्या दिवशी फक्त भिंतींवर चौकटींचे फिकट चौकोन मिळतील. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि ऐतिहासिक, साहित्यिक मोलाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात; काहींची नोंदणी लागते आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. पत्रांचा कागद तुमचा झाला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असू शकतो, म्हणून छापण्याआधी त्यांना विचारा.

तर बोलणी अशी करा. विसार देताना तो अटींवर द्या: हक्क निर्वेध निघाला पाहिजे, भाडेकरूंबाबत लेखी जाहीर केलं पाहिजे, तुमच्या अभियंत्याला दोन ठिकाणी भिंत उघडून बघू दिली पाहिजे. नावापोटीची मागणी बाजूला ठेवून त्यांना सांगा की वास्तव्याचे मूळ पुरावे आणि यादीतल्या वस्तू दिल्या तर त्यांची स्वतंत्र किंमत आपण ठरवू. हे योग्यही आहे, कारण मग तुम्ही खरोखर काहीतरी घेत असता. पत्र हे पत्र आहे, तंबोरा हा तंबोरा आहे. ‘इथे राहत होत्या’ हे वाक्य विकता येत नाही.

फलक लावता येईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. जरूर लावा, पुरावा जुळल्यावर. लंडनमध्ये असे फलक १८६० च्या दशकापासून लागत आले आहेत. मेडा व्हेलच्या हॉवली प्लेसमध्ये टिळकांच्या नावाचा आहे. पुण्यातही जुन्या वाड्यांवर निळे फलक दिसतात. फलकाने कायद्याचं संरक्षण मिळत नाही, ना तिथे ना इथे. ते मिळतं यादीत नाव आल्यावर. घर यादीत नसेल आणि तुमच्यानंतरही ते राहावं असं वाटत असेल, तर मालक म्हणून तुम्ही स्वतः समावेशाची मागणी करू शकता. फार थोडे मालक असं करतात. मला माझ्या सगळ्या कामात दोनच भेटले.

एक शेवटचं. तुम्ही ओघात लिहिलं आहे की विक्रेत्यांच्या आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, याच घरात वाढल्या आणि सध्या ताडदेवला मुलीकडे असतात. वकिलाकडे जाण्याआधी त्यांना भेटा. विक्रेत्यांना विचारून, त्यांच्यासमोर, त्या बाईंना थकवा येणार नाही अशा बेताने. घराचा साधा हाताने काढलेला नकाशा बरोबर न्या, फोनवर रेकॉर्डिंग करायची परवानगी मागा. रियाझ कोणत्या खोलीत व्हायचा, तेव्हा दार उघडं असायचं की बंद, तंबोरा कोणत्या भिंतीला टेकवलेला असायचा, भाडं महिन्याच्या महिन्याला कोण आणून द्यायचं, हे विचारा. त्या सांगतील तसं नकाशावर त्यांनाच बोट ठेवायला सांगा आणि तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहून घ्या.